सुभेदारांची रात्रपाळी

29 ऑक्टोबर 1942. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखात्याचे सभासद म्हणून दिल्लीत रुजू होऊन बाबासाहेब आंबेडकरांना जेमतेम तीन महिने झाले होते. त्या दिवशी त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना एक सविस्तर निवेदन दिलं. त्यात अस्पृश्य समाजाची सगळी गाऱ्हाणी खातेवार मांडली होती. कायदेमंडळात जागा किती, नोकऱ्यांत माणसं किती, सरकारी कंत्राटांत वाटा किती, हे सगळं होतंच. पण मला त्यातला शिक्षणाचा भाग पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. तिथे बाबासाहेबांनी अन्यायाची वर्णनं फारशी केलेली नाहीत. तिथे खर्चाचा हिशेब आहे. विज्ञान आणि तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलांना किती लागेल, परदेशी विद्यापीठांत शिकायला किती लागेल, असं सांगत तो हिशेब वर्षाला तीन लाख रुपयांवर येऊन थांबतो.

मुलाच्या शिक्षणाला प्रत्यक्षात किती पैसे लागतात आणि ते कुठल्या दिवशी लागतात, हे ज्याने घरात पाहिलेलं आहे त्याचा हा हिशेब आहे. बाबासाहेबांनी तो पाहिला होता परळच्या चाळीतल्या एका खोलीत. पैसे उभे करणारा माणूस होता निवृत्त सुभेदार रामजी मालोजी सकपाळ, त्यांचे वडील.

रामजींची गोष्ट आपण बहुधा बाबासाहेबांच्या चरित्राचं पहिलं प्रकरण म्हणून वाचतो आणि पुढे जातो. पण शाळेने ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं त्या बापांनी मुलांच्या शिक्षणासाठी नेमकं काय केलं, हे पाहायचं असेल तर त्या प्रकरणापाशीच थांबावं लागतं. आणि ते एकट्या रामजींपासून सुरूही होत नाही.

जून 1856 मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारचं उत्तर असं होतं की न्याय मुलाच्या बाजूने आहे, पण एका मुलासाठी दार उघडलं तर बाकीची मुलं शाळा सोडतील, म्हणून हस्तक्षेप करता येत नाही. पुढे सायमन कमिशनपुढे मुंबई प्रांतातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणाची हकीकत मांडताना बाबासाहेबांनी हे प्रकरण आवर्जून पुढे ठेवलं. पुण्यात जोतीराव फुल्यांनी महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या होत्या खऱ्या, पण एका शहरातल्या दोन-चार शाळा त्या केवढ्या मुलांना पुरणार?

दार उघडलं ते अनपेक्षित ठिकाणी, लष्करात. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते, आणि छावणीत शिपायांच्या मुलांना शिकवणं सक्तीचं होतं. मुलग्यांना तसंच मुलींनाही. गावात ज्याला पाटीला हात लावता येत नव्हता, तोच माणूस छावणीत आल्यावर त्याच्या मुलांना गुरुजी शिकवत, आणि पुष्कळदा ते गुरुजीही त्याच्याच जातीचे असत. रामजींचे वडील मालोजी शिपाई होते. सासरे मुरबाडकर सुभेदार-मेजर होते. रामजी स्वतः लष्करात शिरले, पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकले, शिक्षक झाले आणि चौदा वर्षं लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. मंडणगड तालुक्यातल्या आंबवड्याच्या घराण्यातला माणूस 1880 च्या दशकात मुख्याध्यापक होता, हे वाचताना आजही क्षणभर थबकायला होतं. महू छावणीत 14 एप्रिल 1891 रोजी रामजींचं चौदावं अपत्य, भिवा म्हणजेच पुढचे बाबासाहेब, जन्मलं, तेव्हा घरात लिहिणं-वाचणं ही नवलाईची गोष्ट राहिलेली नव्हती. भिवाला बाप मिळाला तो मुळात शिकवणं हाच पेशा असलेला.

दोनच वर्षांत हे सगळं बदललं. 1892-93 च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. काही जातीच लढाऊ, बाकीच्या नाहीत, असा सिद्धांत त्या काळी इंग्रज सेनाधिकाऱ्यांच्या डोक्यात पक्का बसला होता. रामजींनी या हुकमाविरुद्ध अर्ज तयार केला आणि त्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली. उपयोग झाला नाही. नोकरी गेली एवढंच हे नुकसान नव्हतं. भरती बंद होणं म्हणजे पुढच्या पिढीची छावणीतली शाळाही बंद होणं, हे मुख्याध्यापक राहिलेल्या माणसाला इतरांहून आधी कळलं असणार.

निवृत्त झाल्यावर रामजी दापोलीला आले. दापोलीच्या कॅम्पात निवृत्त महार शिपायांची वस्तीच होती. गोपाळबाबा वलंगकरही तिथेच राहत. लष्करातून निवृत्त होऊन त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं, अर्ज लिहिले, पत्रं लिहिली. ही पेन्शनर मंडळी कवायतीत वाढलेली होती. वरिष्ठांकडे दाद कशी मागायची, अर्ज कोणाच्या नावे करायचा, उत्तर आलं नाही तर त्याच्या वरच्याकडे कसं जायचं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी आपल्या मुलांना दापोलीच्या म्युनिसिपल शाळेत घ्यावं म्हणून अर्ज केले. त्यातून काही मुलांना प्रवेश मिळाला तो व्हरांड्यात. वर्गात शिकवलेलं बाहेर जेवढं ऐकू येईल तेवढं त्यांचं. इतिहासाच्या अभ्यासकांनी या शाळेच्या व्हरांड्यावर पुढे बरंच लिहिलं आहे. मला तिथे मुलांइतकेच त्यांचे बापही दिसतात. पलटणीत ज्यांनी हुकूम दिले, लढाया पाहिल्या, छातीवर पदकं लावली, ते बाप मुलाला शाळेत सोडायला येत असतील आणि मुलगा पायरीवरच बसलेला पाहून परत जात असतील. तरीही ते दुसऱ्या दिवशी त्याला पाठवत होते.

दापोलीहून रामजी कुटुंब घेऊन साताऱ्याला आले. तिथे सार्वजनिक बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची नोकरी मिळाली. 1896 मध्ये साताऱ्यातच रामजींच्या पत्नी भीमाबाई वारल्या. भिवा तेव्हा पाच वर्षांचा होता. पुढे मुलांना सांभाळलं ते रामजींच्या बहिणीने, मीराबाई आत्याने. त्यांना पाठीचं व्यंग होतं आणि त्यांनी घर पाठीवर घेतलं. बाप आणि मुलगा यांची गोष्ट सांगताना बायका कडेला सरकतात. इथे तसं होऊ देऊ नये, कारण या गोष्टीतला पैसाही पुढे बायकांच्याच अंगावरून येणार आहे.

7 नोव्हेंबर 1900. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत नाव दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर. हीच शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि 2017 पासून महाराष्ट्रात 7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेत भिवा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसे. संध्याकाळी ते गोणपाट गुंडाळून घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा माणूस त्याला हात लावणार नव्हता. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचं, शिपाई नसेल तर पाणी नाही. हे सगळं बाबासाहेबांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे, आणि ते सर्वांना ठाऊक आहे. माझ्या मनात घोळतं ते त्या गोणपाटाच्या दुसऱ्या टोकाचं घर. रोज सकाळी ते गोणपाट मुलाच्या काखेत देणारं घर. रामजींनी मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर चौदा वर्षं काढली होती. वर्ग कसा असतो आणि वर्गात मुलाला कुठे बसवतात, हे त्यांना पुरतं माहीत होतं. मुलाला गोणपाटावर बसायला पाठवण्याची त्यांनी काय किंमत मोजली असेल?

दुसरी हकीकत 1901 ची. दुष्काळी कामावर तलाव खोदायचं काम सरकारने काढलं होतं आणि रामजी खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार म्हणून होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी त्यांच्याकडे यायचं ठरलं. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं असा थाट करून भिवा, त्याचा भाऊ आणि भाचे मसूर स्टेशनवर उतरले. वडिलांना पत्र लिहून निघण्याचा दिवस कळवला होता. स्टेशनवर घ्यायला कोणी आलं नाही. स्टेशनमास्तरने विचारपूस केली, जात कळली आणि त्याचा चेहरा पालटला. गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं देऊन आणि गाडी स्वतः हाकायची या अटीवर एकजण कबूल झाला. रात्र पाण्याविना गेली. दुसऱ्या दिवशी गोरेगावला पोचल्यावर कळलं की पत्र आलं होतं, पण रामजींच्या नोकराने ते त्यांना दिलंच नव्हतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला त्या प्रवासाने जे शिकवलं ते कुठल्याही शाळेत शिकवलं जात नव्हतं. आणि त्या रात्री बापाला मुलगा वाटेत आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

1904 च्या सुमारास कुटुंब मुंबईला आलं. लोअर परळला डबक चाळीत एक खोली. साताऱ्याची नोकरी सुटली होती. पेन्शन महिन्याला 50 रुपये. आजूबाजूला गिरण्यांचे भोंगे आणि पाळ्यांवर जाणारी-येणारी माणसं. मुलगा आधी मराठा हायस्कुलात, मग एल्फिन्स्टन हायस्कुलात. शहरातल्या नावाजलेल्या सरकारी शाळेत प्रवेश मिळाला म्हणून गोणपाट संपलं, पण भेद संपला नाही. फळ्यावर गणित सोडवायला भिवा उठला तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे आधी काढून घ्यायला मुलांची धांदल उडाली, ही हकीकत याच शाळेतली. संस्कृत शिकायची इच्छा होती, ते मिळालं नाही. त्याऐवजी फारसी घ्यावी लागली.

आता त्या खोलीकडे. स्वयंपाकही तिथेच, झोपही तिथेच, अभ्यासही तिथेच. धूर, भांडीकुंडी, कोपऱ्यात जातं, दाराशी शेळी. या खोलीत अभ्यासाला शांतता मिळेल अशी एकच वेळ होती, मध्यरात्रीनंतरची. रामजींनी त्या वेळेची पाळी लावली. मुलाने संध्याकाळी लवकर झोपायचं. बाप जागा राहील. दोन वाजले की बापाने मुलाला उठवायचं, मुलाने दिव्याजवळ पुस्तक उघडायचं आणि मग बापाने त्याच जागी आडवं व्हायचं. परीक्षा जवळ आल्या की हे रोज. उतारवयातला निवृत्त सुभेदार परळच्या चाळीत रात्री दोनपर्यंत डोळे उघडे ठेवून बसत होता, फक्त मुलाला उठवता यावं म्हणून. गिरणगावात तेव्हा हजारो माणसं रात्रपाळी करत. ही एक रात्रपाळी मात्र कुठल्याही मस्टरवर नव्हती.

पाळी लावणं एवढ्यावरच ते थांबत नव्हते. रामजी स्वतः इंग्रजी शिकवत, हॉवर्डची पुस्तकं करून घेत, तर्खडकरांच्या भाषांतरमालेतून उतारे उलटेसुलटे करायला लावत. घरात रोज संध्याकाळी पोथी वाचली जाई. रामजी कबीरपंथी होते, भजन व्हायचं, रामायण-महाभारत व्हायचं. मुलाला त्या पोथ्यांचा कंटाळा येई, तो प्रश्न विचारी, आणि बापाकडे नेहमीच त्याचं समाधान होईल असं उत्तर नसे. रामजींनी दुसरं लग्न केलं, त्यावरूनही मुलाने बापावर राग धरला होता. भीमाबाईंचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून तो इतका दुखावला की साताऱ्यात असतानाच घर सोडून मुंबईच्या गिरणीत काम धरायचं त्याने ठरवलं होतं. आत्याच्या कनवटीचा बटवा त्यासाठी त्याने काढून घेतला, त्यात अर्धा आणा निघाला, आणि त्याच दिवशी त्याने ठरवलं की अभ्यास करायचा आणि स्वतःच्या पायावर उभं राहायचं. बापाच्या छायेत वाढलेला मुलगा बापावरच्या रागातून अभ्यासाकडे वळला, हे मला त्या नात्यातलं सगळ्यात खरं वाटतं. पाय चेपून आज्ञेत राहणारा मुलगा आणि देवासारखा बाप, असं चित्र काढलं तर दोघांवरही अन्याय होईल.

पुस्तकांची गोष्ट तर पैशांशीच जोडलेली आहे. मुलाला शाळेच्या पुस्तकांपेक्षा इतर पुस्तकांचीच भूक जास्त होती. तो पुस्तक मागी आणि बाप नाही म्हणत नसे. हातात पैसे नसत. रामजी उठत आणि मुंबईतच राहणाऱ्या धाकट्या लेकीकडे जात. तिच्याकडे असले तर रोख पैसे आणत. नसले तर थोरलीकडे जात आणि तिचा एखादा दागिना मागून आणत. तो मारवाड्याकडे गहाण पडे, पुस्तक संध्याकाळी घरी येई, आणि पेन्शन झाली की दागिना सोडवून लेकीला परत. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच फेरा. लग्न झालेल्या लेकीच्या घरी जाऊन दागिना मागणं त्या काळच्या बापाला किती जड गेलं असेल, हे सांगायला नको. लेकीकडचं पाणीही न पिणारे बाप आपल्या आठवणीतल्या पिढीतही होते. आणि त्या लेकींनी नकार दिल्याचं कुठे नोंदलेलं नाही. मंजुळा आणि तुळसा यांची नावं बाबासाहेबांच्या पुस्तकसंग्रहाच्या पहिल्या पानावर असायला हवीत.

या फेऱ्यात आणखी एक किंमत होती. दोन्ही मुलगे शिकवायची रामजींची ऐपत नव्हती. मधल्या मुलाने, आनंदरावाने, शाळा सोडून नोकरी धरली, म्हणजे भिवाची शाळा चालू राहावी. थोरला बळाराम आधीच नोकरीला लागलेला. अस्पृश्य बापाच्या सहभागात हा निर्णयही येतो, आणि त्याविषयी कोणी फारसं बोलत नाही: कोणाला शिकवायचं आणि कोणाला थांबवायचं. आनंदरावाच्या मनात त्या दिवशी काय आलं असेल, ते कुठल्या चरित्रात मिळत नाही.

1907 मध्ये भिवा मॅट्रिक झाला. 750 पैकी 282 गुण. आज हे गुण पाहून कोणी पेढे वाटणार नाही, पण चाळीत सभा भरली. समाजसुधारक सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र मुलाला भेट दिलं. पुढे याच केळुसकरांच्या खटपटीने बडोद्याच्या सयाजीरावांकडून महिन्याला 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजातलं शिक्षण चालू राहिलं. बापाचा खांदा थकत चालला होता तेव्हा बाहेरचा हात मिळाला. हे योगायोगाने घडलं असं मला वाटत नाही. मुलाच्या वाचनाकडे केळुसकरांचं लक्ष गेलं ते बागेत पुस्तक घेऊन बसलेला मुलगा दिसला म्हणून, आणि तो मुलगा बागेत पुस्तक घेऊन बसत होता तो बापाने लावलेल्या सवयीमुळे.

बी.ए. झाल्यावर मुलगा बडोद्याच्या नोकरीला जायला निघाला तेव्हा रामजींनी विरोध केला. बडोद्यात त्याला काय सोसावं लागेल, याचा त्यांना अंदाज असावा. मुलगा तरीही गेला. जानेवारी 1913 मध्ये तो रुजू झाला आणि काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार आली. परत येताना सुरत स्टेशनवर वडिलांसाठी बर्फी घ्यायला तो उतरला आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी घरी पोचला तेव्हा रामजींचे डोळे दाराकडे लागले होते. मुलाच्या अंगावरून त्यांनी हात फिरवला. 2 फेब्रुवारी 1913 रोजी ते गेले.

त्याच वर्षी जुलैत मुलगा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचला. तिथून वडिलांच्या एका जुन्या लष्करी स्नेह्याला त्याने लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. आईबाप मुलाला जन्म देतात, कर्म देत नाहीत, असं आपल्याकडे म्हणतात, पण ते खरं नाही, मुलाच्या आयुष्याला वळण देणं आईबापांच्याच हातात असतं, असा त्या पत्राचा आशय. आणि मुलग्यांबरोबर मुलींनाही शिकवलं तर समाजाची प्रगती कितीतरी वेगाने होईल, हेही त्यात आहे. बापाच्या निधनानंतर, बापाच्याच मित्राला, बापाच्याच विषयावर लिहिलेलं हे पत्र.

कोलंबियाला लागूनच हार्लेम. तिथे त्या वर्षांत दक्षिणेकडून येणारी काळ्या लोकांची वस्ती वाढत होती. त्या लोकांच्या मागे दक्षिणेत काय चाललं होतं, हे रामजींच्या गोष्टीशी इतकं जुळतं की ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1865 मध्ये गुलामगिरी संपली तशी मुक्त झालेल्या माणसांनी सगळ्यात आधी शाळा मागितली, आणि सरकारने दिली नाही तिथे स्वतः बांधली. 1912 पासून पुढची वीस वर्षं ज्युलियस रोझेनवाल्ड या व्यापाऱ्याच्या मदतीने दक्षिणेत काळ्या मुलांसाठी जवळपास 5,000 शाळा उभ्या राहिल्या. त्यात एक अट होती, गावाने आपला वाटा घालायचा. कापसाच्या शेतात राबणाऱ्या बापांनी एखादा एकर कापूस शाळेच्या नावे ठेवला, लाकूड तोडून आणलं, सुतारकाम केलं. त्यांनी मिळून दिलेला पैसा सत्तेचाळीस लाख डॉलरांच्या घरात जातो. तिथल्या बापांनी इमारत उभी केली. आपल्याकडच्या बापाला इमारत उभी करता येत नव्हती, म्हणून त्याने रात्रीचे तास उभे केले. 1946 मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रसंघाकडच्या अर्जाची विचारणा केली आणि डु बॉइसनी त्याच महिन्यात उत्तर दिलं. दोन्हीकडचे लोक एकमेकांना ओळखत होते.

आता पुन्हा दिल्ली. निवेदनाचा परिणाम झाला. 1944 मध्ये भारत सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती सुरू केली, वर्षाला तीन लाख रुपयांची. मॅट्रिकनंतरची, हे महत्त्वाचं. कारण रामजींचं बळ संपलं ते नेमकं तिथेच होतं. बाप घाम गाळून मुलाला मॅट्रिकपर्यंत आणू शकतो, त्यापुढचं कॉलेज पेन्शनीत आणि गहाणाच्या दागिन्यात बसत नाही. सगळ्याच घरांना केळुसकर गुरुजी भेटत नाहीत. देशभर अशा किती चाळींत किती मुलं मॅट्रिकला थांबली असतील, हे बाबासाहेबांना आकडा न सांगताही माहीत होतं. आजही या शिष्यवृत्तीला पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती म्हणतात, आणि ती वेळेवर मिळत नाही म्हणून आजही मुलं आणि त्यांचे बाप कचेऱ्यांत खेटे घालतात. रामजींना पेन्शन निदान महिन्याच्या महिन्याला मिळत होती.

दिल्लीत रुजू होण्याआधीच आणखी एक वर्तुळ पुरं झालं होतं. ज्या महार भरतीसाठी रामजींनी रानड्यांच्या मदतीने अर्ज केला होता, ती 1941 मध्ये महार रेजिमेंट म्हणून पुन्हा सुरू झाली, आणि त्यासाठी मुलगा सरकारशी झगडला होता. 8 जुलै 1945 रोजी, मजूरखातं हातात असतानाच, पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. पुढच्या वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि 1950 मध्ये औरंगाबादला कॉलेज. मुख्याध्यापकाच्या मुलाने शाळा काढायच्या त्या अशा काढल्या.

बाप म्हणून बाबासाहेबांना मात्र रामजींची पाळी करता आली नाही. पाचांपैकी चार मुलं लहानपणीच गेली, त्यातला राजरत्न 1926 मध्ये गेला तेव्हा ते पुरते कोलमडले होते. यशवंत एकटा उरला, तो मुंबईत आणि वडील दिल्लीत. एका समाजाच्या मुलांसाठी जागणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरातला दिवा कोणी लावायचा, हा प्रश्न इथे मोकळाच राहतो, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

रामजींसारखे बाप नंतरही होत राहिले. मुंबईत पोर्ट ट्रस्टमध्ये राबणाऱ्या दामोदर जाधवांनी वडाळ्याच्या वस्तीत मुलं वाढवली. तुम्ही काय व्हायचं ते तुम्ही ठरवा, पण ज्यात पडाल त्यात सगळ्यात वर असायला हवं, एवढीच त्यांची मुलांकडून अपेक्षा. त्यांच्या मुलाने, नरेंद्र जाधवांनी, ‘आमचा बाप आन् आम्ही’ लिहिलं ते 1993 मध्ये. 2009 मध्ये तेच दिल्लीच्या योजना भवनात नियोजन आयोगाचे सदस्य म्हणून बसले आणि शिक्षण हा विषय त्यांच्याकडे आला. त्याच वर्षी शिक्षण हक्क कायदा झाला. त्या कायद्याप्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत. दिल्लीत 30 जुलै 2016 रोजी सगळ्या सरकारी शाळांत एकाच दिवशी मोठी पालकसभा भरवली गेली. ज्यांच्या बापांना, आजांना शाळेचा व्हरांडाच माहीत होता, अशी किती माणसं त्या दिवशी वर्गातल्या बाकावर बसली असतील! दापोलीच्या पेन्शनरांना कोणी हे सांगितलं असतं तर त्यांनी आधी हुकमाची नक्कल मागितली असती.

दिल्लीच्या सिव्हिल लाइन्स भागात 26, अलीपूर रोड इथे बाबासाहेब शेवटची पाच वर्षं राहिले आणि 6 डिसेंबर 1956 रोजी तिथेच गेले. त्या जागी आता उघड्या पुस्तकाच्या आकाराचं स्मारक आहे, 2018 च्या एप्रिलमध्ये खुलं झालेलं. त्या घरात रात्र-रात्र वाचन चाले. दोन वाजता उठवणारं कोणी नव्हतं, तरी सवय गेलेली नव्हती.

एक पुस्तक मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. 1923 मध्ये लंडनला त्यांचा प्रबंध छापला गेला, ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’, रुपयाचा प्रश्न. भारताच्या चलनावरचं हे पुस्तक. ते त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केलं, आणि का, हेही त्या पानावर लिहिलं. माझ्या शिक्षणासाठी त्यांनी केलेला त्याग आणि त्या बाबतीत त्यांनी दाखवलेली डोळस दृष्टी, यांची कृतज्ञ आठवण म्हणून.